संगणकावर गाणी आणि व्हिडिओ एकाच आवाजात ठेवायचे आहेत, काय वापरावं? (सांगली)

विश्रामबाग_सांगली
नमस्कार. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर महिन्याला दोन तासांचं श्रवणसत्र असतं. विंडोज ११ चा डेस्कटॉप, त्यातलंच रिअलटेक साउंड, पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. ४०० च्या आसपास फायली आहेत: अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या रेकॉर्डींवरून केलेल्या एमपी३, नाट्यपदांच्या सीडींवरून काढलेल्या फ्लॅक (दर्जा न गमावणाऱ्या फायली), थोडी नवी चित्रपटगीतं. मधे यूट्यूबवरच्या मुलाखती आणि घरी चित्रित केलेले एमपी४. रेकॉर्ड लागली की कान द्यावा लागतो आणि पुढचं गाणं अंगावर येतं. दर वेळी नॉब न फिरवता जमेल का? फुकटचं सॉफ्टवेअर असल्यास उत्तम.

कृष्णाकाठ
विंडोजमध्येच सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज'. प्लेबॅकमध्ये स्पीकर निवडून प्रॉपर्टीज उघडा, एन्हान्समेंट्स टॅबवर 'लाउडनेस इक्वलायझेशन'ला टिक करा. टॅब दिसत नसेल तर तो रिअलटेकच्या ड्रायव्हरने झाकलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, यादीतून स्वतः निवडा, आणि साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' घ्या. गाणी, यूट्यूब, व्हिडिओ, सगळ्याला एकदम लागू होतं.

जवारी_मिरज
मुलाखतींना ठीक आहे, ख्यालाला कृपा करून लावू नका. ही सोय फाइल वाजत असतानाच हळू भाग उचलते आणि मोठा भाग दाबते. गायक थांबला की तंबोरा फुगून वर येतो, आणि तान सुरू झाली की एकदम मागे जातो. ७८ च्या रेकॉर्डीत तर प्रत्येक विरामात खरखर चढते. विलंबितातली हळूहळू वाढत जाणारी चढण सपाट होते, आणि ऐकायला आलेली माणसं त्या चढणीसाठीच आलेली असतात.

दोन फायलींमधला फरक काढायचा, फाइलच्या आतला चढउतार तसाच ठेवायचा. त्यासाठी रिप्लेगेन. प्रत्येक फाइल आधी पूर्ण मोजली जाते आणि 'इतके डेसिबल कमी' किंवा 'इतके जास्त' एवढाच आकडा टॅगमध्ये लिहिला जातो. मूळ आवाजाला हात लागत नाही.

फूबार२००० हा गाणी वाजवायचा फुकटचा प्लेअर घ्या. सगळ्या फायली निवडून राइट क्लिक, रिप्लेगेन, 'स्कॅन पर-फाइल ट्रॅक गेन'. मग प्रेफरन्सेस, प्लेबॅक: सोर्स मोड 'ट्रॅक', प्रोसेसिंग 'अप्लाय गेन अँड प्रिव्हेंट क्लिपिंग अकॉर्डिंग टू पीक' (पीक म्हणजे फाइलमधला सगळ्यात उंच क्षण, तो फाटेल इतका आवाज वाढवला जात नाही). एकाच नाटकाची पदं ओळीने लावणार असाल तर अल्बम म्हणून स्कॅन करून मोड 'अल्बम' ठेवा, म्हणजे शांत पद शांतच राहील.

लक्ष्य असतं उणे १८ एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). नवं चित्रपटगीत उणे ९ वर असेल तर ९ डेसिबलने खाली येतं, उणे २२ वरची रेकॉर्ड ४ ने वर जाते. त्यामुळे पहिल्यांदा सगळंच मंद वाटेल. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब एकदा वाढवा आणि तिथेच सोडा.

विश्रामबाग_सांगली
केलं. नाट्यपदं आणि चित्रपटगीतं छान जुळली. पण तीन-चार रेकॉर्डी अजून हळूच आहेत. टॅगमध्ये अधिक ६ दिसतंय, आवाज मात्र वाढत नाही.

जवारी_मिरज
रेकॉर्डीवरच्या ओरखड्याचा 'खट्' असणार. गाणं खूप खाली असतं, पण तो एक खट् शून्य डेसिबलला, म्हणजे फाइलच्या कमाल मर्यादेला टेकलेला असतो. फूबार त्यालाच पीक धरतो आणि वाढवायला जागा नाही म्हणून थांबतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात फाइल उघडलीत तर लाटेत एकच बारीक रेघ वरपर्यंत गेलेली दिसेल. इफेक्टमधलं 'क्लिक रिमूव्हल' चालवा, फ्लॅक म्हणून वेगळी प्रत ठेवा, मूळ जपून ठेवा, आणि नवी फाइल पुन्हा स्कॅन करा. क्लिक रिमूव्हल जास्त ताणलं तर तबल्याच्या चाटीची धारही जाते, तेव्हा थोडा भाग आधी ऐकून बघा.

इतकी खटपट नको असेल तर प्रोसेसिंग नुसतं 'अप्लाय गेन' ठेवा आणि डीएसपीमध्ये (फूबारची आवाजावर प्रक्रिया करायची सोय) 'अ‍ॅडव्हान्स्ड लिमिटर' लावा. तो फक्त ते खट् दाबतो.

तारसप्तक
व्हिडिओंचं सांगतो. यूट्यूब उणे १४ च्या वरचा आवाज खाली आणतं, पण हळू व्हिडिओ वर उचलत नाही. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' बघा. १००% / ६२% आणि पुढे ४.१ डेसिबल असं असेल तर तो मोठा होता आणि कमी केला गेला. आकडा उणे असेल तर तो मुळातच हळू आहे, तो तुम्हालाच वाढवावा लागेल.

म्हणजे तुमची गाणी उणे १८ वर आणि बऱ्याच मुलाखती उणे १४ वर, ४ डेसिबलचा फरक. फूबारचा प्रीअ‍ॅम्प (सगळ्या गाण्यांना सरसकट मिळणारी वाढ) वाढवायचा मोह टाळा, ख्यालात पीक आड येतील. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझरची पट्टी थोडी खाली आणा, स्कॅन केलेल्या गाण्याशी कानाने जुळवा.

घरच्या एमपी४ ना एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा लाउडनॉर्म (आवाज जुळवणारा) फिल्टर. दोनदा चालवायचा: पहिल्या फेरीत मोजमाप, दुसऱ्या फेरीत ते आकडे परत देऊन बदल. लक्ष्य उणे १८, ट्रू पीक उणे १.५, चित्र 'कॉपी'वर, म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही. दोन ठिकाणी लोक फसतात. सॅम्पल रेट ४८००० सांगितला नाही तर आवाज १९२ किलोहर्ट्झवर जाऊ शकतो. आणि एलआरएचं (फाइलमधल्या हळू आणि मोठ्या भागांतल्या फरकाचं) लक्ष्य मूळ फाइलपेक्षा कमी ठेवलं तर फिल्टर गुपचूप दाबादाबी सुरू करतो. गाण्याच्या व्हिडिओला ते २० ठेवा. हे व्हिडिओ व्हीएलसीमध्ये १००% वरच लावा, त्यापुढे नेलं की आवाज फाटतो.

कृष्णाकाठ
जवारींचं पटलं, ख्यालाला माझा उपाय नको. एक राहिलं: त्याच साउंडच्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' करा. तिथे ८०% कमी करण्याचा पर्याय असेल तर मधेच व्हिडिओ कॉल आला की गाणं खाली बसतं.

विश्रामबाग_सांगली
आभार. हीच गाणी पेनड्राइव्हवर देऊन साध्या स्पीकरवर लावली तर हे टॅग चालतील का?

जवारी_मिरज
बहुतेक स्पीकर टॅग वाचत नाहीत. त्यासाठी प्रतींवर एमपी३गेन हे सॉफ्टवेअर चालवा, लक्ष्य ८९ डेसिबल. तो फाइलमधलाच आवाजाचा आकडा १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, पुन्हा एन्कोड करत नाही, आणि 'अनडू'ने परत पूर्ववत होतं. फ्लॅक मात्र आधी एमपी३ करून घ्याव्या लागतील.