अनुभव धागा: खानदेशातली सहकुटुंब सुट्टी — गारा, उन्हाळी, पडकी देवळं

काळा पाषाण

दिवाळीनंतर खानदेशातली हवा माणसात येते आणि मग शनिवार-रविवारी कुठे जायचं हा प्रश्न सुरू होतो. आमच्या घरात तीन पक्ष आहेत. मुलाला दगड गोळा करायचे असतात, सासूबाईंना उनपदेवच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं असतं आणि मला जुनी देवळं, लेणी, पांढरीची म्हणजे जुन्या वस्तीची टेकाडं बघायची असतात. पूर्वी आम्ही आळीपाळीने एकेकाचं मन राखायचो. आता तिन्ही गोष्टी एकत्र करतो, कारण त्या मुळात एकाच खडकाच्या आहेत असं मला मनापासून वाटतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झाला. त्याच्या पोकळ्यांत गारा म्हणजे स्फटिकांचे दगड वाढले, त्याच्या भेगांतून ऊन पाणी वर येतं, त्याच उन्हाळी, आणि तोच दगड घडवून यादवकाळात देवळं उभी राहिली. मुलांना हे एका फेरीत दाखवता येतं, आणि तेही जळगाव-धुळे-नंदुरबार सोडून फार लांब न जाता.

तुम्ही घरच्यांना घेऊन कुठे गेलात, काय सापडलं, लहान मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं कसं जमलं, ते सविस्तर लिहा.


अडावदची लेक

उनपदेव माझ्या माहेराजवळ, म्हणून आधी मीच लिहिते. चोपडा-यावल रस्त्यावर अडावद लागतं, तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी वळायचं. गोमुखातून गरम पाण्याची धार अखंड कुंडात पडते. शरभंग ऋषींच्या अंगावरची व्याधी जावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा आजी सांगायची. पौषात इथे भाविकांची रीघ असते. कुटुंबाला निवांत बसायचं असेल तर पौष सोडून, आठवड्यातल्या मधल्या वारी किंवा अगदी सकाळी जा. थंडीत पहाटे पाण्यावर वाफ दिसते आणि मुलं आपणहून गप्प होतात.

माझ्या मुलीने विचारलं होतं, "आई, खाली ज्वालामुखी आहे का?" नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथे तापलेलं पाणी मोठ्या भेगेतून पुन्हा वर येतं. तापीचं खोरं आणि सातपुडा यांच्या सांध्यावर अशा खोल भेगा आहेत, म्हणून उन्हाळी या पायथ्याच्या ओळीत सापडतात. शहाद्याकडे दऱ्याजवळही एक उनपदेव आहे. नाव तेच, जागा वेगळी. गाडीवाल्याला तालुका सांगूनच निघा.

धारेखाली थेट उभं राहू नका. आधी कोपराने पाणी बघा, मग पाय, मग अंग. साबण, शाम्पू अजिबात नको. ते पाणी पुढे ओहोळातून खाली वाहत जातं.


केळीचा पट्टा

सावद्याच्या बाजूचा शेतकरी आहे. तुम्ही ज्याला छंद म्हणता ते आमच्याकडे विहीर खोदताना निघतं. काळा कातळ फुटला की मध्येच पोकळी लागते आणि आत चमचम. वडील त्याला नुसतं "गार" म्हणायचे आणि मलब्यात टाकायचे. जळगाव-सावद्याच्या खदानींतले नमुने परदेशातल्या संग्राहकांकडे जातात हे मला फार उशिरा कळलं.

मुलांना ओळखायला शिकवायचं असेल तर पाच गोष्टी पुरतात. गुलाबी-पिवळसर, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा गुच्छ दिसला तर तो बहुतेक स्टिल्बाइट. काचेसारखा स्वच्छ, चौकोनी, टोकाला कापल्यासारखा दिसतो तो अपोफिलाइट. त्याचा हिरवा प्रकार व्हॅनेडियममुळे हिरवा होतो आणि त्यासाठीच लोक वेडे होतात. पांढऱ्या सुयांचा झुबका म्हणजे स्कोलेसाइट, त्याला बोट लावू नका, सुया मोडतात आणि रुततातही. काचेवर ओरखडा काढतो तो क्वार्ट्झच्या घरातला: स्फटिक, अकीक, आपली साधी गारगोटी. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसतो तो कॅल्साइट. ही शेवटची परीक्षा माझ्या पुतण्याने घरभरच्या दगडांवर केली.

धुवायचं ते साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. ॲसिडने चकाकी येते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, स्टिल्बाइट खराब होतो. आणि प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी ठेवा: गाव, विहीर की ओढा, तारीख. जागा माहीत नसलेल्या दगडाची अभ्यासाच्या दृष्टीने निम्मी किंमत जाते.

आणखी एक. आमच्या बांधावर यायचं तर घरी येऊन विचारा. नाही कुणी म्हणत नाही, चहा मिळेल. न विचारता वावरात शिरलेल्या माणसाचं वाईट वाटतं.


खदानीजवळ घर

केळीच्या पट्ट्याला जोडून. चालू खदानीत लहान मुलांना नेऊच नका, मुकादमाने हो म्हटलं तरी. सुरुंगाने हललेला कडा दोन दिवसांनीही सुटतो. क्रशरबाहेर टाकलेला ढीग, नवीन विहिरीचा मलबा, नदीतली खडी, एवढ्यात भरपूर मिळतं. हातोडी मारताना चष्मा हवाच. बेसाल्टची कपची काचेपेक्षा वाईट.


गिरणाकाठ

मी चाळीसगावचा, त्यामुळे पाटणादेवी. गौताळ्याच्या अभयारण्यात, डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेली जागा. चंडिकेचं दर्शन घेऊन लोक परत फिरतात आणि वाटेवरचं महादेवाचं देऊळ तसंच राहतं. तिथे नक्की थांबा. उंच जोत्यावर उभं, बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी मोडत गेलेल्या, त्यामुळे सकाळी आणि दुपारी सावल्या वेगळ्या पडतात. माझ्या मुलाने वहीत त्याचा पाया काढला, तेव्हा त्याला समजलं की चौकोन फिरवत फिरवत ही नक्षी येते.

आणि गणित इथे उपरं नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. हे सगळं शके ११२८ च्या शिलालेखात आहे आणि तो भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. मला सगळ्यात जास्त आवडतो तो लेखाचा शेवट. संस्कृत संपून तिथे त्या काळची मराठी सुरू होते आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता वाटा मठाला द्यायचा ते लिहिलेलं आहे. म्हणजे पाटणच्या पेठेतले व्यापारी आणि गिऱ्हाइकं गणिताच्या शाळेचा खर्च उचलत होती! आठशे वर्षांपूर्वी, आपल्या चाळीसगावाजवळ. मुलांना लीलावतीतली गणितं शाळेत ऐकून माहीत असतात, पण ती शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचं गाव आपल्या तालुक्यात आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पायात बळ असेल तर पितळखोरं. ते पलीकडे कन्नड तालुक्यात येतं, पण आम्हा चाळीसगावकरांना घरचंच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची लेणी. हत्तींची रांग अजून दिसते. इथे सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने आपलं नाव त्याच्यावर कोरलंय. इथला कातळ ठिकठिकाणी ढासळला आहे. बारकाईने बघितलं तर कोरलेल्या भिंतीतच पांढरे ठिपके दिसतात, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांत भरलेली खनिजं. दगडप्रेमी मुलांनी इथे फक्त बघायचं. अभयारण्यातून खडाही उचलू नये, १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी उचलू नये.


शाळेच्या सुट्टीत

आम्ही प्रकाशा आणि शहाद्याचं उनपदेव एकत्र केलं. प्रकाशा म्हटलं की दक्षिण काशी, तापीचा घाट, केदारेश्वर. पण गोमाई आणि तापीच्या संगमाजवळच्या जुन्या टेकाडावर १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. ती माणसं कॅल्सेडनीसारख्या, अकीकाच्याच जातीच्या दगडाची बारीक पाती काढून वापरायची. मी शिक्षिका आहे. मुलांना आधी नदीच्या खडीत अकीक शोधायला लावलं, उन्हाकडे धरून आरपार उजेड येतो का ते बघायला लावलं आणि मग सांगितलं की याच जातीच्या दगडाच्या सुऱ्या करून इथे लोक जगत होते. त्यानंतर पुस्तकातला तो धडा कुणालाही कंटाळवाणा वाटला नाही.

काठावर एक आजोबा म्हशी धूत होते. "काय शोधी राह्यनात पोरंहो?" मुलांनी दगड दाखवले. "आमना वावरमा गैऱ्या शेतस अश्या गारा." (आमच्या शेतात अशा गारा खूप आहेत.) मग त्यांनीच मुलांना उथळ, सुरक्षित जागा दाखवली.

टेकाडाच्या उतारावर एका मुलीला रंगवलेल्या खापराचा तुकडा दिसला. आम्ही त्याचा फोटो काढला आणि तो होता तिथेच राहू दिला. खडीतला अकीक खिशात घालणं आणि माणसाच्या हातची वस्तू उचलणं यात फरक आहे. तो मुलांना तिथल्या तिथे, हातात वस्तू असतानाच समजावावा लागतो. घरी येऊन सांगितलेलं उतरत नाही.


तापीपार

आईला बीपीची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात. उन्हाळीत बसवावं का?


अडावदची लेक

तापीपार, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही मोठ्यांना पूर्ण बुडवत नाही. काठावर बसून घोट्यापर्यंत पाय, तेही थोडा वेळ. उठताना हात धरायचा, चक्कर तेव्हाच येते. सोबत प्यायचं पाणी ठेवा. गुडघ्यांना शेक बसून बरं वाटतं एवढं मी खात्रीने सांगते. दुखणं बरं होतं असं सांगणार नाही. श्रद्धेने येणाऱ्यांचा मान मला आहे, पण गोळी बंद करायची नाही.


साक्रीवाला

बळसाण्याचं कुणीच लिहिलं नाही! साक्री तालुका, अकराव्या-बाराव्या शतकातल्या देवळांचा समूह, काही उभी, काही ढासळलेली. गर्दी नाही. खांबांवरची कीचकं, म्हणजे छताचा भार पेलणाऱ्या छोट्या मूर्ती, मुलांनी मोजाव्यात. धुळ्यात आलात तर राजवाडे संशोधन मंडळालाही जाऊन या. आणि आमच्या भागात रस्त्याने जाताना सपाट माळावर सरळ भिंतीसारखी टेकडी दिसेल, ती डाइक. भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. नंदुरबार-धुळ्यात अशा भिंती किती तरी आहेत, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम पसरलेल्या. गाडीतल्या गाडीत मुलांना हा खेळ देता येतो.


काळा पाषाण

सगळ्यांचे आभार. वाचून एक गोष्ट लक्षात आली ती नवीन येणाऱ्यांसाठी लिहिते: पाटणादेवी दक्षिणेच्या टोकाला आणि उनपदेव उत्तरेच्या. एका दिवसात दोन्ही करू नका, सगळा वेळ गाडीत जाईल. जळगावहून निघणाऱ्यांनी शनिवारी उनपदेव, रात्री चोपड्याला किंवा नातेवाइकांकडे, रविवारी परवानगी घेऊन सावद्याकडे दगड आणि तिथून तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ, असं केलं तर तिन्ही गोष्टी ओळीत येतात. वाटेत भरीत आणि कळण्याची भाकरी मिळतेच, या दिवसांत वांगीही चांगली असतात. धुळे-नंदुरबारच्या लोकांना बळसाणे, प्रकाशा, शहाद्याचं उनपदेव सोपं. पाटण-पितळखोऱ्याला वेगळी सुट्टी द्या आणि वनखात्याच्या नाक्यावर सकाळी लवकर पोहोचा.

कुणी फारकांड्याचे झुलते मनोरे किंवा थाळनेरच्या फारुकी कबरी मुलांसोबत पाहिल्या असतील तर लिहा, पुढची फेरी तिकडे काढायची आहे.