मदत हवी आहे: मंत्रपठण आणि ऑटिझम, कोणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. स्वतःहून बोलणं फार कमी. मिक्सर लावला की कानावर हात ठेवून पलंगाखाली. पण संध्याकाळी आजोबा स्तोत्र म्हणायला बसले की हा दारापाशी येऊन डोलतो, आणि आजोबा मुद्दाम थांबले की ओळीचा शेवटचा शब्द बरोब्बर म्हणतो! पाणी हवं असलं तरी अजून हात ओढूनच सांगतो, हेही आहेच.

हे पाहून ओळखीच्या एकांनी मंत्रपठणाचा क्लास सुचवला. तिथले सर म्हणाले, "सहा महिन्यांत बोलेल, सध्या स्पीच थेरपी बंद ठेवा." इथेच माझं डोकं सटकलं. पुरावा म्हणून त्यांनी मेंदूचे अभ्यासक जेम्स हार्टझेल यांचं २०१६चं संशोधन दाखवलं. वाचलं मी. त्यात २१ व्यावसायिक वेदपाठी पंडितांच्या मेंदूची २१ इतरांशी एमआरआयने तुलना होती. स्मृती आणि भाषेच्या भागांत फरक दिसले. पण ते लहानपणापासून वर्षानुवर्षं पाठांतर केलेले पुरुष. ऑटिझमची मुलं त्यात नव्हतीच.

थेरपी बंद करणार नाही, हे नक्की. पण आजोबांसोबतचं म्हणणं बोलण्याकडे कसं वळवायचं? शब्द गाळून, चित्रं दाखवून कोणी केलंय का? आणि नागपुरात मुलांना होणारा आवाजाचा त्रास समजणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोणाला माहीत आहे? शक्यतो मराठीत बोलणारी, घरी सगळे मराठीच बोलून राहिले.