पुरात भिजलेला पेंटॅक्स के-१००० कॅमेरा दुरुस्त करावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांचा पेंटॅक्स के-१००० आहे, ५० एमएम लेन्ससकट. १९८८ साली त्यांच्या आतेभावाने मस्कतहून आणलेला. २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा तो कपाटाच्या खालच्या खणात होता. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं, तर कातडी केस फुगून टम्म आणि आतून चिखल गळतोय. बाबांनी पुसला, उन्हात ठेवला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून आठवडाभर तांदळाच्या डब्यात. तेव्हापासून माळ्यावर. आता ते निवृत्त झालेत आणि अधूनमधून विचारतात, "त्याचं काही होईल का रे?"

आजची अवस्था: रोल पुढे सरकवायचा लीव्हर अर्धा जाऊन अडतो. आरसा वरच अडकलाय, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. फोकसची रिंग फिरवली की वाळू भरडल्यासारखी करकर. लेन्समध्ये बुरशीची जाळी. सेलचं झाकण नाण्याने हलत नाही, खाचेत हिरवट पूड साठलीय. लेन्सची टोपी तेवढी शाबूत आहे! या मॉडेलला उजेड मोजणारं मीटर बंद करायचं बटण नाही, टोपी लावली की मीटर झोपतं. त्यामुळे टोपी न लावता कॅमेरा ठेवला की आम्ही बोलणी खायचो.

आणि आत रोल आहे. काउंटर २३वर. बाबांना काही आठवत नाही. आई म्हणते ताईच्या डोहाळजेवणाचे फोटो असतील.

मुंबईत बोराबाजारातल्या एका कारागिराने "पाण्यातला माल घेत नाही" म्हणून हातही लावला नाही. पुण्यात एकाने साडेचार हजार सांगितले, हमी नाही. चालू बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बारा हजाराला दिसतेय. काय करावं?

तिवई: आधी लीव्हर ओढणं थांबवा. कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरला लागतो, म्हणून आशा आहे. मीटर मेलं असलं तरी सोडून द्या, मोबाइलवर ॲप आहेत. खरा प्रश्न शटरचा. फिल्मवर उजेड सोडणारा त्याचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो, तो चिकटला असेल तर विषय संपला. बघायला मागचं झाकण उघडावं लागेल, म्हणून आधी रोल काढा. तळाचं बटण दाबून हलक्या हाताने रिवाइंड करा. नॉब अडला तर जोर नको, उजेड न शिरणाऱ्या काळ्या बॅगेत उघडा. रोलकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. फिल्मवरचा जिलेटिनचा थर भिजून वाळला की वेटोळी एकमेकांना चिकटतात.

सह्यकडा: +१. आणि ते तांदळाचं कोणी काढलं देव जाणे. पाणी राहिलं बाजूला, वर पीठ जातं आत. ऑइलचा स्प्रेही मारू नका, पडद्यावर उतरतं.

तिवई: साडेचार हजारात लेन्सची सफाई धरलीय का विचारा. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही डाग राहतात.

धागाकर्ता: आळीतल्या जुन्या लग्नाच्या फोटोग्राफरकाकांकडे काळी बॅग निघाली. नॉब हललाच नाही, म्हणून बॅगेत उघडलं. आत हात घालूनच काका म्हणाले, "वडी झालीय रे." खरंच, फिल्म गोळा होऊन बसली होती, उलगडायला गेलो तर थर सोलून आला. पडदा एका बाजूला चुरगळलेला, रुळांवर गाळाचा पापुद्रा. साडेचार हजार वाचवले, दुसरी बॉडी घेतोय. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, टोपी तीच लाव. लेन्सही बघावी लागेल. जुनी बॉडी घेताना काय तपासू?

तिवई: मागचं झाकण उघडून ट्यूबलाइटसमोर धरा, शटरचा वेग १/१००० सेकंदावर ठेवून बटण दाबा. पूर्ण चौकोनात उजेड चमकला पाहिजे, एका कडेला काळं राहिलं तर घेऊ नका. मग एक सेकंदावर दाबून कान लावा, मध्येच अडखळता कामा नये. आरसा वर जाऊन टेकतो तिथला फोम बहुतेक चिकट झालेला असतो, तो बदलता येतो, त्यावरून भाव पाडा.