मदत हवी आहे: वीजमीटर जागेवर तपासून घ्यावे की काढून प्रयोगशाळेत पाठवावे?

कर्वेनगर_तिसरा_मजला
आमच्या कर्वेनगरच्या सदनिकेचा वीजवापर महिन्याला १४५ युनिटांच्या आसपास असे. गेले तीन महिने तो २५५ च्या घरात गेला आहे आणि घरात एकही नवे उपकरण आलेले नाही. आई तिथे एकटीच राहते आणि बिलाच्या धास्तीने तिने गीझर बंद करून पाणी गॅसवर तापवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लांबवायचा नाही. मीटर वेगाने धावत असल्याची लेखी तक्रार मी केली. त्यावर, शुल्क भरल्यास मीटर काढून प्रयोगशाळेत तपासले जाईल आणि तोवर तिथे दुसरे मीटर बसेल, असे मला सांगण्यात आले. मागच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचे मीटर मात्र न काढता जागेवरच तपासले गेले होते. या दोहोंपैकी कोणती तपासणी खरी धरावी? मला सोमवारपर्यंत कळवायचे आहे.

शनिवारपेठ_७
मीटर सिंगल फेज आहे की थ्री फेज? बिलावरचे रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले आहे की सरासरीने लावलेले आहे? मीटर अलीकडे बदलले होते का? एवढे कळल्याशिवाय कोणीही सल्ला दिला तरी तो अंदाजच ठरेल.

कर्वेनगर_तिसरा_मजला
मीटर सिंगल फेज आणि इलेक्ट्रॉनिक आहे, गेल्या सहा वर्षांत ते बदललेले नाही. रीडिंग मी स्वतः मीटरखोलीत जाऊन बिलाशी ताडून पाहिले आहे आणि ते बरोबर आहे. माझा प्रश्न तपासणी कुठे करावी एवढाच आहे.

भोसरी_लेथ
प्रयोगशाळेतच पाठवा. माझ्या भोसरीच्या कारखान्यातले मीटर जागेवर तपासायला माणूस आला, तेव्हा दोन्ही लेथ बंद होते आणि फक्त दिवे व पंखे चालू होते. त्याने ॲक्युचेक (जागेवर मीटर तपासायचे हातातले यंत्र) लावले, पाच-दहा मिनिटांत ‘मीटर ठीक’ असा शेरा लिहिला आणि तो निघून गेला. मी शुल्क भरून तेच मीटर प्रयोगशाळेत पाठवले, तेव्हा पूर्ण भारावर त्याची चूक मर्यादेबाहेर असल्याचे निघाले. जागेवर त्या क्षणी जेवढा भार चालू असेल तेवढ्यावरच तपासणी होते. प्रयोगशाळेत मात्र अगदी कमी प्रवाहापासून कमाल प्रवाहापर्यंत, वेगवेगळ्या पॉवर फॅक्टरवर आणि शून्य भारावरही मीटर तपासले जाते.

सोसायटी_सचिव
मी याच्या अगदी उलट अनुभव घेतला आहे. आमच्या लिफ्ट आणि पंपाच्या सीटी मीटरवर (सीटी म्हणजे मोठा प्रवाह कमी करून मीटरला देणारे करंट ट्रान्सफॉर्मर) संशय होता, म्हणून ते प्रयोगशाळेत पाठवले आणि ते पूर्णपणे बरोबर ठरले. पुढे जागेवर पाहणी झाली, तेव्हा तीनपैकी एका सीटीची जोडणी उलटी असल्याचे कळले. मीटर टेबलावर नेले आणि सीटी आमच्या भिंतीवरच राहिले, तर दोष तिकडे कसा सापडणार? जागेवरची तपासणीच खरी असते, असे माझे ठाम मत आहे.

भोसरी_लेथ
आपले मीटर सीटीवरचे होते आणि यांच्या घरी सीटी नाहीत. दोन निराळ्या गोष्टींची तुलना करून त्यांना चुकीच्या वाटेला लावू नये.

छतावरचे_ऊन
आपण तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवून टाकावी. मी दोन वर्षांपूर्वी बसवली आणि तेव्हापासून बिलाची चिंता राहिलेली नाही.

शनिवारपेठ_७
सदोष मीटरच्या मागे सौर यंत्रणा बसवली, तरी मीटरचा दोष तिथेच राहील. शिवाय हा त्यांचा प्रश्नही नाही.

निवृत्त_तपासनीस
मी बरीच वर्षे मीटर तपासणीचेच काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांत ग्राहकाचे मीटर पाच वर्षांतून किमान एकदा जागेवर तपासावे असे म्हटले आहे, आणि त्याऐवजी ते काढून तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेले दुसरे मीटर बसवण्याचीही मुभा दिली आहे. वापरात एकाएकी मोठा फरक पडला किंवा ग्राहकाने तक्रार केली, तर मधल्या काळातही तपासणी करायची असते. नियमाने दोन्ही वाटा मान्य केलेल्या आहेत. पण त्या दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि वरच्या दोन्ही सदस्यांचे अनुभव म्हणूनच खरे आहेत. प्रयोगशाळेत हे मीटर मोजायला योग्य आहे का, एवढेच कळते. तिथे आपल्या घराची वायर नसते, न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) नसते, ओलसर भिंत नसते. व्होल्टेज आणि प्रवाह निरनिराळ्या मंडलांतून देऊन हवा तेवढा भार निर्माण करतात आणि मीटरची नोंद त्याहून अधिक अचूक संदर्भ मीटरशी ताडतात. या मीटरमधून या घरात काय चालले आहे, याचे उत्तर फक्त जागेवर मिळते.

क्लास १ या अचूकतेच्या श्रेणीतल्या मीटरची चूक नेहमीच्या भारावर एक टक्क्याच्या आत असावी लागते. १४५ चे २५५ होणे म्हणजे पाऊणपट वाढ झाली. जळलेली किंवा मंदावलेली मीटरे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण एवढ्या प्रमाणात वेगाने धावणारे इलेक्ट्रॉनिक मीटर माझ्या हाती क्वचितच आले. म्हणून अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट करा. घरातले सर्व एमसीबी (वीज तोडणारे स्विच) खाली करा आणि मीटरवरचा लाल दिवा दहा मिनिटे पाहा. मीटरच्या दर्शनी पट्टीवर एका युनिटला किती लुकलुक होते तो आकडा छापलेला असतो, तोही इथे लिहा.

भोसरी_लेथ
त्यापेक्षा हजार वॅटचा हीटर लावून दिवा मोजला, तर मीटर धावते की नाही ते घरबसल्या कळेल.

निवृत्त_तपासनीस
ढोबळ मानाने कळेल. मात्र हीटरवर लिहिलेले हजार वॅट २३० व्होल्टला असतात आणि व्होल्टेज २१० असेल तर तोच हीटर सुमारे ८३० वॅट घेतो. त्या मोजणीवरून कोणाशी वाद घालता येणार नाही.

कर्वेनगर_तिसरा_मजला
आज संध्याकाळी पाहिले. मीटरवर ३२०० हा आकडा आहे. सर्व एमसीबी खाली असताना दहा मिनिटांत दिवा ८० वेळा लुकलुकला. घर पूर्ण बंद असताना मीटर चालते, म्हणजे ते सदोष आहे हे सिद्धच झाले. आता मी ते प्रयोगशाळेत पाठवत आहे.

निवृत्त_तपासनीस
कृपया थांबा. दहा मिनिटांत ८० म्हणजे तासाला ४८०, आणि ३२०० ने भागल्यावर ०.१५ युनिट, म्हणजेच १५० वॅटचा भार निघतो. तो दिवसभर राहिला तर महिन्याला १०८ युनिटे होतात. आपली वाढ ११० युनिटांची आहे, त्यामुळे या हिशेबाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडची अशी मीटरे फेज (वीज घरात आणणारी) आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींतला प्रवाह मोजतात आणि जो अधिक असेल त्यावर नोंद करतात. एमसीबी फक्त फेज तोडतो. दुसऱ्या कोणाचा प्रवाह आपल्या न्यूट्रलमधून परत जात असेल, तर आपले घर बंद असतानाही मीटर चालत राहील. तीन-चार महिन्यांपूर्वी वायरिंगचे किंवा गवंडीकाम झाले होते का?

कर्वेनगर_तिसरा_मजला
वायरिंगचे काम झालेले नाही. शेजारची सदनिका काकांची आहे आणि पूर्वी दोन्ही घरे आतल्या दाराने जोडलेली होती. काकांनी ती भाड्याने दिली, म्हणून दार बुजवून मधली भिंत घातली, एवढेच. मीटर पहिल्यापासून वेगळी आहेत, त्यामुळे हे सांगण्यासारखे वाटले नाही.

शनिवारपेठ_७
हे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर अर्धा धागा वाचला असता.

भोसरी_लेथ
तरीही मला हे पटत नाही. भाडेकरूचा भार यांच्या मीटरवर आला असेल, तर भाडेकरूचे बिल तेवढे कमी यायला हवे होते. तसे झाले आहे का?

निवृत्त_तपासनीस
ते कमी होणार नाही. भाडेकरूच्या मीटरमधून फेजचा प्रवाह जातो आणि ते मीटर त्यावर नोंद करते. तोच प्रवाह परतताना यांच्या न्यूट्रलमधून जातो आणि यांचे मीटरही त्याची नोंद करते. एकाच विजेचे पैसे दोन्ही घरांतून भरले जातात. मीटर प्रयोगशाळेत नेले तर तिथे ते निर्दोष ठरेल, त्याच्या जागी बसवलेले नवे मीटरही असेच चालेल आणि आपल्या हाती ‘मीटर योग्य’ असा अहवाल तेवढा राहील.

एक कळकळीची विनंती आहे. न्यूट्रलची वायर स्वतः सोडू नका. अशा जोडणीत तुटलेल्या न्यूट्रलच्या टोकाला पलीकडच्या उपकरणातून आलेला दाब असतो आणि मेन बंद आहे अशा समजुतीने त्याला हात लावणारा माणूस जिवाला मुकू शकतो. परवानाधारक वायरमनलाच बोलवा.

कर्वेनगर_तिसरा_मजला
शनिवारी वायरमन आला. आमच्या जुन्या मेन स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. त्याने तो खाली केला आणि भाडेकरू दार उघडून बाहेर आले, कारण त्यांचा फ्रिज आणि दिवाणखान्यातला पंखा बंद पडला होता. बुजवलेल्या दाराच्या चौकटीवर एक जंक्शन बॉक्स प्लास्टरखाली गेला होता आणि गवंड्याबरोबर आलेल्या मुलाने त्यांच्या दोन पॉइंटांचा न्यूट्रल त्यात आमच्या न्यूट्रलला पिळून वर टेप गुंडाळली होती. दोन्ही न्यूट्रल वेगळे केल्यावर मी मीटरसमोर पंधरा मिनिटे उभा राहिलो आणि दिवा एकदाही लुकलुकला नाही.

सोसायटी_सचिव
मी म्हणालो तेच खरे ठरले, दोष जागेवरच सापडला. आता तीन महिन्यांचे जादा पैसे परत मागा. सदोष मीटरच्या बाबतीत वादाच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचे बिल दुरुस्त होते, असे राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहे.

निवृत्त_तपासनीस
ती तरतूद मीटर सदोष असेल तेव्हाची आहे. इथे मीटरने समोर आले ते बरोबर मोजले आणि मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते. ते पैसे परत मिळतील अशी आशा मी दाखवू इच्छित नाही.

एवढ्यावरून प्रयोगशाळेला कमी लेखू नये. दिवा एकही उपकरण नसताना चालत राहिला असता, किंवा भोसरीच्या सदस्यांप्रमाणे पूर्ण भारावरच चूक होत असती, तर मी स्वतः मीटर काढायला सांगितले असते, फक्त त्यापूर्वी जागेवरच्या स्थितीची लेखी नोंद करून घ्यायला लावली असती. एकदा मीटर भिंतीवरून उतरले की ती स्थिती पुन्हा पाहायला मिळत नाही.

कर्वेनगर_तिसरा_मजला
पैशांचे मी काकांशी बोलेन. मीटर सहा वर्षांचे आहे आणि या काळात ते एकदाही तपासलेले नाही. म्हणून सोमवारच्या अर्जातून ‘मीटर सदोष’ हे शब्द काढून, पाच वर्षांची तपासणी जागेवर आणि गीझर चालू असताना करावी, एवढीच मागणी लिहीत आहे. आईला गीझर लावायला सांगितले आहे.