पोरगं चहा-टोस्टवर, जेवण बंद, काय करावं?

वावरवाली_यवतमाळ
आमचा बारक्या सव्वातीन वर्षांचा आहे. सध्या कापसाची वेचणी जोरात आहे त्यामुळं मी अन् हे सकाळीच वावरात जातो, पोरगा सासूबाईंजवळ. तो उठला की चहा, अंघोळ झाली की चहा, दुपारी झोपून उठला की परत चहा, अन् दरवेळी बशीत टोस्ट नाहीतर खारी बुडवून. संध्याकाळी मी ताट वाढलं की तोंड फिरवतो, पोळीचा घास गालात धरून बसून राहतो नुसता. अंगणवाडीत वजनाचा काटा दोन महिन्यांपासून तिथंच आहे. सासूबाईंना म्हणावं तर "आमची लेकरं चहावरच मोठी झाली" हे ठरलेलं उत्तर. बरं त्या जीव लावतात पोराला, त्यांच्याशिवाय माझं वावर बंद पडेल, किलोवर पण वेचायला बाया भेटत नाहीत. भांडण नको आहे, चहा कसा सोडवू?

गावातली_आशा
ताई चहानं भूक तर मरतेच, वरून जेवणासोबत घेतला की जेवणातलं लोह अंगी लागत नाही. अंगणवाडीत टेप लावून दंडघेर बघून घ्या, साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. जंताची गोळी दिली होती का? अन् लोहाचं सिरप, ते आठवड्यातून दोनदा १ मिली असतं, बऱ्याच घरी बाटली फळीवर पडून राहते. रक्त तपासाल तेव्हा सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पण तपासणी करून घ्या, आपल्या विदर्भात त्याचं प्रमाण जास्त आहे. आणखी एक, तो अंगणवाडीत बसतो की नुसता वजनापुरता जातो? तीन वर्षांवरच्या लेकरांना तिथं गरम आहार असतो, चार पोरांत बसलं की घरी न खाणारं पण खातं.

वऱ्हाडी_माय
अवं बाई सासूले काहून दोष देतं? गुडघे दुखते, पोराच्या मांगं ताट घेऊन घरभर कोन फिरन? टोस्ट बुडवून देला की पोरगं दोन मिन्टात चूप बसते, तिचं काम भागते. मी बी नातू सांभाळतो म्हनून सांगतो. आमची सून जायच्या आंधी फुनके वाफवून ठेवते, तुरीची डाळ भिजवून जाडीभरडी वाटाची, कांदा-सांबार (कोथिंबीर) टाकाचा, पोराच्या वाट्याले मिरची नाई. ते हातात घेऊन पोरगं आंगनात हिंडत खाते, मले उठा लागत नाई. नाईतर शेंगदान्याचा लाडू. अन् टोस्टचा पुडा कोन आनते ते पाह्य, आमच्या घरी तर बुढाच बजारातून आनत होता!!

दर्यापूरचा_बाप
एकदम बंद करू नका, रडून घर डोक्यावर घेईल अन् आजी परत देईल. आम्ही पोरीच्या कपात दूध वाढवत गेलो अन् चहा कमी, शेवटी नुसतं दूध राहिलं, महिनाभर लागला पण. आणि आईला मी सांगून काही झालं नाही, सिस्टर घरी येऊन बोलल्या तेव्हाच ऐकलं, म्हाताऱ्या माणसाला सुनेनं सांगितलेलं मनाला लागतं हो.

वावरवाली_यवतमाळ
पुडा आमच्याकडं पण सासरेच आणतात 😄 अंगणवाडीत बसत नाही तो, सासूबाई अर्ध्या तासात घरी घेऊन येतात, उद्या सेविकाबाईंशी बोलते. वऱ्हाडी माय, सकाळचे फुनके दुपारपर्यंत राहतात का? अन् कोरडे लागत नाहीत का लेकराला?

वऱ्हाडी_माय
आता थंडीचे राह्यते, उन्हाया लागला की नोको ठेवू. कोरडे लागले तं कढीत कुस्करून दे.