खांदा इंचभर वर, म्हणजे छाती आखडली?

खांदेपालट: काल एका ट्रेनरसाहेबांनी इथे लिहिलं, 'उताणे झोपा. खांद्याचं मागचं टोक गादीपासून इंचभर वर राहिलं, की पेक मायनर, म्हणजे छातीतला छोटा स्नायू, आखडलाय. पोक, खांदेदुखी सगळं त्यामुळेच.' खाली लाईकचा पाऊस. १२ वर्षं फिजिओ आहे, डोकंच फिरलं. २००७ मध्ये खांदा दुखणाऱ्या ४५ आणि न दुखणाऱ्या ४५ जणांना असंच झोपवून मोजलं होतं. ती इंचभराची रेघ सगळ्यांनीच ओलांडली! असली चाचणी काय कामाची? मोजायचंच तर कोरॅकॉइडपासून (खांद्याच्या पुढच्या बाजूचं हाडाचं टोक) छातीच्या हाडालगतच्या चौथ्या बरगडीपर्यंत टेप लावा, उंचीने भागा, १०० ने गुणा.

डंबेलदादा: तो ट्रेनर मीच. गादी नको, कडक टेबल हवं होतं, तेवढं चुकलं. बाकी एक शब्द मागे घेणार नाही. बाकावर उताणं पडून वजन ढकलायचा बेंच प्रेस मारमारून माझाच खांदा गेला होता. माळ्यावरचा डबा काढता येईना. भिंतीच्या कोपऱ्यात हात टेकवून रोज ताणला, ६ आठवड्यांत मोकळा.

खांदेपालट: त्या ६ आठवड्यांत बेंच चालू होता?

डंबेलदादा: बंद होता. मग?

खांदेपालट: काही नाही. चालू द्या.

मुक्ताफळे: टेप लावा म्हणे. ती चौथी बरगडी बाईच्या अंगावर कुठे येते, माहितीये ना? मागच्या वर्षी एका क्लिनिकात पडदा अर्धाच, बाहेर बाकावर तिघं, आणि तो पोरगा 'मॅडम, टी-शर्ट जरा...' न विचारता बोट ठेवून मोकळा! आणि पोक कुठून येतं ते माझ्याकडून ऐका. बाराव्या वर्षी आजी म्हणायची, 'छाती काढून चालू नकोस.' आता बत्तिसाव्या वर्षी सगळे म्हणतात, 'ताठ बस.'

आळशी बोका: झालं. आता स्नायूलाही पितृसत्ता.

मुक्ताफळे: बोकोबा, दहा वर्षं वह्या छातीशी कवटाळून शाळेत जाऊन या, मग बोलू.

शेवंता: +१. लोकलमध्ये अजून सॅक पुढेच घेते.

आळशी बोका: मीही पुढेच घेतो. पाकीटमार असतात.

शेवंता: पाकिटासाठीच घेता ना? नशीबवान आहात.

आळशी बोका: ...बरं. हा मुद्दा तुमचा.

डंबेलदादा: फिजिओसाहेब गप्प का? टेपचं काय झालं?

खांदेपालट: गप्प नाही, ओपीडी होती. पडद्याचं मुक्ताताईंचं बरोबर आहे. खरं सांगायचं तर अवघडलेल्या पेशंटला मीही टेप लावत नाही, टेबलावरच मोजतो.

डंबेलदादा: म्हणजे माझीच चाचणी!

खांदेपालट: डावा-उजवा, आधीचा-नंतरचा फरक बघण्यापुरती. एकाच माणसाने मोजलं तर आकडा पुन्हा तोच येतो, हे त्याच ४५-४५ वाल्यांनी दाखवलंय. पण त्यावरून 'आखडलाय' असा शिक्का मारायचा नाही.

डंबेलदादा: टेबल ते टेबलच. स्क्रीनशॉट घेतलाय.