जुन्या ट्रकची वायरिंग डोकं खातीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीचा आहे. २००५ चा दहा टायर ट्रक, मार्केट यार्डातनं हळद भरून वाशीला खेपा असतात. महिना झाला, रात्री हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा टुणकन लालवर जातोय, वर इंडिकेटर दिला की अख्खा डॅशबोर्ड त्याच तालावर मिणमिणतोय. पहिल्यांदा खंबाटकीत झालं तवा घाबरून गाडी साईडला घेतली, बघतोय तर पाणी बरोबर, इंजिन गार, लाईट बंद केली की काटा गपचिप खाली.

वायरमननं अल्टरनेटर बदलायला लावला, पैसे गेले, फरक शून्य. मग मीच मीटर घेऊन बसलो. दोन बॅटऱ्या मिळून बंद गाडीत २५.२, चालू गाडीत २७.८ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीकच की. पण एक टोक बॅटरीच्या मायनसला न् दुसरं केबिनच्या पत्र्याला लावलं तर लाईट बंद असताना ०.१ आणि लाईट लावल्यावर २.६! जंपर केबल मायनसपासनं केबिनला टेकवली तर काटा लगेच जागेवर, म्हणजे अर्थिंगच (केबिनच्या पत्र्याची बॅटरीच्या मायनसशी जोडणी) गंडलंय असं मला तरी वाटतंय.

आता केबिन ते चेसिसची अर्थ पट्टी नेमकी कुठं असती? गिअरबॉक्सजवळची एक सापडली, बोल्टाखाली नुसता हिरवा गंज, घासून टाईट केली तरी अजून १.४ येतंय. दुसरा जॉइंट कुठं शोधू? का सरळ नवी जाड वायर ओढू, आणि किती एमएमची? मागच्या मालकानं सगळीकडं टेप गुंडाळून ठेवलीय, काय उलगडंना. परवा माल भरायचाय, लवकर सांगा.